पथ्य चंदूचं, उपास चाळीचा

गिरगावात माणसाचं पोट त्याच्या एकट्याच्या मालकीचं नसतं. पगार लपवता येतो, वय लपवता येतं, मुलीचं जमलेलं लग्नसुद्धा पत्रिका छापून येईपर्यंत लपवता येतं. पोट लपवता येत नाही. चाळीत संडास मजल्याच्या टोकाला असतात आणि तिथे जाणारी गॅलरी मजल्यावरच्या झाडून सगळ्या दारांसमोरून जाते. सकाळपासून तिसऱ्यांदा बादली घेऊन निघालात, की समोरच्या काकू तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता विचारतात, "कालचे छोले का हो?" तुम्ही परत येईपर्यंत उंबऱ्यावर एक वाटी ताक, एक पुडी हिंगाष्टक आणि कुटजारिष्टाची अर्धी बाटली येऊन बसलेली असते. कुटजारिष्ट पहिल्या मजल्यावरच्या अण्णांचं. ते ती बाटली कुणाला देत नाहीत, फिरवतात. सध्या ती कुणाकडे मुक्कामाला आहे, यावरून चाळीत कुणाचं बिघडलंय ते कळतं.

अशा चाळीत चंदू राहतो. चंदू म्हणजे आमचा कुत्रा. रंगाने पांढरा, शेपटी झुपकेदार, आवाज अंगापेक्षा मोठा. सगळी चाळ त्याला पॉमेरेनियन म्हणते आणि डॉक्टर इंडियन स्पिट्झ म्हणतात. डॉक्टरांचं बरोबर आहे, पण पॉमेरेनियन म्हटल्यावर चाळीचा जो मान वाढतो तो स्पिट्झने वाढत नाही, म्हणून हा वाद आम्ही कधी मिटवला नाही. डोळे तेज, कान तिखट, दात मोत्यासारखे. पोट तेवढं गेलेलं. आठ दिवस बरं, मग चार दिवस ढाळ, मग दोन दिवस काहीच नाही, मग पहाटे पोटात अशी गुरगुर की शेजारच्या खोलीतून विचारणा व्हावी, "मोटर लावलीत का?"

चंदूसारख्या जिवाला पोट बिघडल्याची लाज नसते ही मोठी सोय आहे. पण तो सांगत नाही ही मोठी गैरसोय. तेव्हा सांगण्याचं काम आमच्याकडे आलं आणि तिथेच पहिल्यांदा अडलं. डॉक्टरांनी विचारलं, "मोशन कशी होते?" आता दाट आणि पातळ यांच्या मधल्या पायऱ्या सांगायला मराठी माणसाकडे जे काही आहे ते सगळं स्वयंपाकघरातलं. आमच्या हिने सरळ सुरुवात केली, "सोमवारी पिठल्यासारखी होती. मंगळवारी सकाळी झुणक्यावर आली होती, मला वाटलं सुधारतोय, पण रात्री पुन्हा कढी." डॉक्टर केरळचे. त्यांनी 'कढी' एवढंच लिहून घेतलं आणि विचारलं, "दही देता का त्याला?"

पुढे कितीतरी दिवस आमच्या घरी पिठलं झालं नाही. झालं नाही म्हणजे कुणी बोलून बंद केलं असं नव्हे. डबा उघडायचा, बेसन दिसायचं, आणि सगळ्यांना एकदम वरणभात आठवायचा.

डॉक्टरांनी मग भिंतीवरच्या एका तक्त्याकडे बोट दाखवलं. जगभर कुत्र्यांच्या शीचं मोजमाप या तक्त्याने करतात. १ म्हणजे सुके कडक खडे, ७ म्हणजे निव्वळ पाणी, २ म्हणजे आदर्श. आकड्यांच्या शेजारी चित्रं, चित्रांच्या शेजारी वर्णन. त्याची एक प्रत आम्ही दाराच्या मागे चिकटवली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका दार लोटून बसल्या, की समोर तो तक्ता. आधी नाकं मुरडली. मग एकीने चष्मा लावला. पुढच्या आठवड्यात सकाळच्या रांगेत अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आज तीन." मला वाटलं पत्त्यांचा डाव आहे. मग म्हणाले, "परवा पाच होतं. दुधी बाधला." महिन्याभरात सगळ्या मजल्याने ती भाषा उचलली. एवढा आयुष्यभराचा विषय, बिचाऱ्यांना आजवर खुणेने आणि 'तसं' म्हणून बोलावा लागत होता. चंदूमुळे त्याला शिस्त आली.

तपासण्या रीतसर झाल्या. जंतांचं औषध झालं. शीची तपासणी झाली. रक्त काढलं. सोनोग्राफीसाठी पोटावरचे केस भादरले, त्यामुळे चंदू महिनाभर खालून सोललेला दिसत होता. सगळं ठीक निघालं. ठीक निघालं की आपल्याकडे माणसं घाबरतात, त्याप्रमाणे चाळ घाबरली आणि तिने उपचार हातात घेतले. कोपऱ्याच्या खोलीतल्या आजींनी सहाण काढली. मुरडशेंग, बाळहिरडा, सुंठ, जायफळ. या सहाणेवर चाळीतल्या तीन पिढ्यांची बाळगुटी उगाळली गेली आहे. तिचं पाणी प्यायलेली माणसं आज बँकांतून निवृत्त होत आहेत. जायफळ कुत्र्याला विषारी असतं असं सांगितल्यावर आजी म्हणाल्या, "एवढंसं. चार वेढे." डॉक्टरांचं नाव घेतलं तेव्हा म्हणाल्या, "त्यांना कुणी उगाळून दिलं नसेल लहानपणी, म्हणून." अण्णांनी कुटजारिष्टाची बाटली आणून ठेवली ती अर्थातच चंदूच्या ताटलीशेजारी. चाळीच्या इतिहासात बाटली पहिल्यांदाच चतुष्पादाच्या मुक्कामी आली होती.

दादरला आमचे आतेभाऊ राहतात. दादरची माणसं औषध देत नाहीत, मत देतात. शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर बसून ते फोनवर म्हणाले, "मुळात कुत्रा पाळण्यामागची तुमची भूमिका काय होती?"

शेवटी डॉक्टर म्हणाले, परळला दाखवून या. हे वाक्य गिरगावात सहजपणे घेतलं जात नाही. परळ म्हणजे केईएम, परळ म्हणजे टाटा, परळ म्हणजे वाडिया. माणूस 'परळला नेला' म्हटलं की ऐकणारा आधी खुर्ची शोधतो. डोंबिवलीच्या मावशींचा नेमका त्याच दिवशी फोन आला. ही म्हणाली, "हे घरी नाहीत, चंदूला घेऊन परळला गेलेत." पलीकडे क्षणभर काही ऐकू आलं नाही. "कुठला गं चंदू? तुझा पुण्याचा दीर? अरे देवा. केईएम का टाटा?" ही म्हणाली, "बैलघोडा." मावशी म्हणाल्या, "एवढं झालं का?"

बैलघोडा हे परळ-लालबागच्या माणसांनी ठेवलेलं नाव. पाटीवरचं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल फॉर ॲनिमल्स. मुंबईत प्राण्यांच्या छळाविरुद्ध संस्था निघाली १८७४ साली, तिचं हे इस्पितळ उभं राहिलं १८८४ साली, आणि त्यासाठी पैसा देणारे दिनशा माणेकजी पेटिट यांनी त्याला पत्नीचं नाव दिलं. लोकांनी मात्र समोर जे पेशंट दिसले त्यांचं नाव दिलं. ते बरोबरच होतं. त्या काळी या शहराची रस्त्यावरची बहुतेक वाहतूक चार पायांवर चालायची. १८७४ साली सुरू झालेली ट्रॅम ओढायला घोडे होते आणि ते १९०५पर्यंत ओढत होते. माल ओढायला बैल. घोडा लंगडला म्हणजे आजच्या हिशेबात लोकल बंद. तेव्हा बैलाघोड्यांसाठी इस्पितळ काढणं यात दया होती तेवढाच व्यवहारही होता. शेजारीच १८८६ साली व्हेटरनरी कॉलेज निघालं. कुत्री-मांजरं तिथे पेशंट म्हणून मागाहून आली आणि आता बैलाला आत शिरायला जागा राहू नये इतकी आली. त्यांचा ट्रॅमला काही उपयोग नव्हता. पोट मात्र होतं.

तिथे केसपेपरवर प्राण्याचं नाव लिहितात आणि पुढे मालकाचं आडनाव. चंदूला आमचं आडनाव लागलेलं मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. माझ्या सख्ख्या पुतण्याने अमेरिकेत जाऊन ते आडनाव बदलून घेतलं आहे. बाकावर बसल्यावर कळतं, की मुंबईत जातपात आणि पिनकोड विसरून माणसं एकमेकांशी बोलतात अशा ज्या थोड्या जागा उरल्या आहेत त्यांतली ही एक. मलबार हिलचा लॅब्रॅडोर, धारावीची बकरी, कुणाचा तरी मुका झालेला पोपट. माझ्या शेजारी लालबागच्या एक बाई टोपलीत मांजर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी नाव-गाव काही विचारलं नाही. चंदूकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "किती?" मी म्हटलं, "पाच-साडेपाच." त्यांनी टोपलीवर हात फिरवला. "आमच्या हिचं सहा होतं. आता तीनवर आणलंय." हे त्या अशा सुरात म्हणाल्या, की मला त्यांना वाकून नमस्कार करावासा वाटला.

निदान असं निघालं, की चंदूच्या आतड्याला जुनाट सूज आहे. तीन आठवड्यांच्या वर जे चालतं ते जुनाट. जंतू नाही, गाठ नाही, अडकलेला चेंडू नाही. आतड्याने आपल्याच अन्नाशी वैर धरलेलं. अशा कुत्र्यांपैकी पुष्कळशी नुसता आहार बदलून सुधारतात आणि सुधारणार असतील तर बहुधा दोन आठवड्यांत फरक दिसतो. डॉक्टरांनी उपाय सांगितला तो ऐकायला फार सोपा होता. याने जन्मात कधी खाल्लं नाही असं एक प्रथिन शोधा, त्याला एक पिष्टमय पदार्थ जोडा, आणि काही आठवडे त्याशिवाय पोटात काहीही जाऊ देऊ नका. बिस्किट नाही, चपातीचा तुकडा नाही, खाली सांडलेलं शेवपुरीतलं शेवसुद्धा नाही.

"याने काय काय खाल्लेलं आहे?" डॉक्टरांनी विचारलं. आम्ही म्हटलं, "तसं काही नाही. भात, दूध, क्वचित चिकन." हे आमच्या घरापुरतं अगदी खरं होतं.

चाळीत विचारणा करायचं ठरलं. रविवारी गॅलरीत सगळे जमले. मी विषय मांडला, की आपल्याला चंदूने कधीच न खाल्लेलं मांस हवंय, तेव्हा बकऱ्याचं मटण कसं वाटतं? तळमजल्यावरच्या मालवणी भाऊंनी घसा खाकरला. दरवर्षी गटारीला एक नळी चंदूची असते, म्हणाले; नळी नाही दिली तर तो जिन्यावरून हलत नाही. बरं, मग मासे? समोरच्या काकू म्हणाल्या, "मी फक्त काटे काढून देते हो." कुठले? "बांगडा. सुरमई. कोळंबीची डोकी. पापलेट नाही, पापलेट आमच्याच वाटणीला येत नाही." सुके बोंबील वरच्या वहिनींनी कबूल केले. कलेजी, खिमा, सोड्याची खिचडी हे पुढच्या दहा मिनिटांत निघालं. ज्या माणसांनी सोसायटीच्या सभेत आपला टेरेसवरचा पत्रा आजतागायत कबूल केला नाही, ती माणसं एका कुत्र्यासाठी मन मोकळं करत होती.

मग मी म्हटलं, "अंडं तर नाही ना दिलं कुणी?" कुणी काही बोललं नाही, आणि सगळ्यांच्या आधी अण्णांनी मान खाली घातली. अण्णांकडे चातुर्मासात कांदासुद्धा खोलीत येत नाही. गेली काही वर्षं ते रोज संध्याकाळी चंदूला फिरवून आणतात, याचं आम्हाला आजवर केवढं कौतुक. त्यांच्या सौ. दारातूनच म्हणाल्या, "फिरायला चौपाटीवर जाता ना?" अण्णा म्हणाले, "जातो चौपाटीवरच. वाटेत एक गाडी आहे." एक ऑम्लेट-पाव, त्यातला चतकोर चंदूला. तो साक्षीदार होता आणि त्याला गप्प ठेवणं भाग होतं, असं अण्णांचं म्हणणं पडलं.

परदेशात अशा वेळी हरणाचं, कांगारूचं मांस वापरतात. ठाकूरद्वारला कांगारू मिळण्याची शक्यता तपासून आम्ही बदकावर आलो. क्रॉफर्ड मार्केटमध्ये सांगून ठेवलं तर मिळेल, असं भाऊंचं मत पडलं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या पोराने हळूच हात वर केला. त्याच्या ऑफिसच्या पार्टीतून उरलेलं तो मागे कधीतरी घेऊन आला होता. "मला स्वतःला आवडलं नाही," तो म्हणाला, "पण चंदूला आवडलं."

तेव्हा उरला शेवटचा मार्ग, डॉक्टरांचं पिशवीतलं खाणं. यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात, की ते मुळात कोंबडीचं होतं का सोयाबीनचं, याचा आतड्याला पत्ता लागत नाही. ओळखच पटत नाही म्हटल्यावर भांडण होत नाही. भाव ऐकून काकू म्हणाल्या, "एवढ्यात किलोभर पापलेट येतं. तेही मोठं." मग एक दाणा हातात घेऊन त्यांनी वास घेतला, जिभेला लावला, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू त्या मुक्या प्राण्यावर मी काही तरी जुना सूड उगवतो आहे.

इथून खरं दुखणं सुरू झालं. औषधं लागू पडतात, पिशवी परवडवता येते, पण गिरगावात एका जिवाला खायला न घालणं ही गोष्ट अमलात आणायला कुठलीही यंत्रणा नाही. इथे 'नको' या शब्दाचा अर्थ 'अजून एकदा आग्रह करा' असा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या पोराने पुठ्ठ्याची पाटी करून चंदूच्या गळ्यात अडकवली: 'मला कृपया काही खायला देऊ नये.' लोक थांबायचे, मोठ्याने वाचायचे, "किती गुणी!" म्हणायचे, आणि गुणी असल्याबद्दल खिशातून बिस्किट काढायचे. एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की जनावराला उपाशी ठेवून वर त्याच्याच गळ्यात तसं लिहून अडकवणं त्यांना पटलेलं नाही.

तसा हा या शहराचा जुनाच स्वभाव आहे. १८३२ सालच्या जूनमध्ये कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायला काढली, तर पारशी मंडळींनी फोर्टात दंगल केली, बाजार बंद पाडला, कुलाब्याच्या पलटणीचा शिधा अडवला. गोऱ्या शिपायांचा नाश्ता कुत्र्यांपायी बुडाला. दोन वर्षांनी, १८३४मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मोतीचंद अमीचंद यांच्या साथीने पांजरापोळ काढली. ती आमच्यापासून पायी जायच्या अंतरावर, भुलेश्वरला, आजही आहे. अशा गावात मी पुठ्ठ्याची पाटी घेऊन उभा होतो.

त्यात आम्ही मुहूर्त धरला होता श्रावणाचा, कारण श्रावणात मटण-मासळीचा धोका नसतो. शाकाहाराचा धोका किती मोठा असतो ते पुढे आलेल्या गणपतीने दाखवलं. आमच्यापासून जवळच केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३पासून सार्वजनिक गणपती बसतो. तेव्हापासून या भागाने प्रसाद नाकारलेला नाही. चंदूला आरतीची वेळ पाठ. घंटा वाजली की तो पहिल्या रांगेत, बायकांच्या पुढे. पेढा, मोदक, वर पंचखाद्य. पंचखाद्यातला बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतो, हे मी सांगितलं तेव्हा पुजारी म्हणाले, "देवाचा आहे तो." शेवटी मंडळाच्या कार्यकर्त्यांनीच जबाबदारी घेतली. आरती संपली की लाउडस्पीकरवरून जाहीर व्हायचं, "भाविकांनी चपला रांगेत ठेवाव्यात, लहान मुलांना सांभाळावं, आणि चंदूला प्रसाद देऊ नये." बाहेरून दर्शनाला आलेल्या भाविकांना चंदू हा चाळीतला कुणीतरी बहिष्कृत इसम वाटला. दोघातिघांनी त्याची बाजूही घेतली.

पुन्हा दाखवायची तारीख नेमकी गणपतीतच आली. टॅक्सी भायखळ्यापर्यंत गेली आणि लालबागला थांबली ती थांबलीच. एका बाजूला नवसाची रांग, दुसऱ्या बाजूला मुखदर्शनाची रांग, मध्ये ढोल, आणि मांडीवर चंदू, ज्याच्या पोटातली मोटर चालू झालेली मला हाताला कळत होती. मी काच खाली करून हवालदारांना म्हटलं, "साहेब, पेशंट आहे, सोडा." त्यांनी आत वाकून पाहिलं. "काय होतंय?" मी म्हटलं, "पोट." हवालदार सकाळपासून ड्युटीवर उभे होते, त्यांच्या चेहऱ्यावरून या विषयातला त्यांचा स्वतःचा अनुभव स्पष्ट वाचता येत होता. त्यांनी शिट्टी मारली, दोर वर केला आणि ओरडले, "सोडा रे, इमर्जन्सी आहे!" भाविकांनी वाट दिली. काहींनी गाडीच्या दिशेने हात जोडले.

परळला चंदूचं बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. आतडं जुनं दुखत असलं की ते शोषलं जात नाही, म्हणून आठवड्याला एक इंजेक्शन. हे कळल्यावर अण्णा फार दिवसांनी खुलले. शाकाहारामुळे त्यांचंही बी-ट्वेल्व्ह कमीच. ऑम्लेटचं प्रकरण उघडकीस आल्यापासून ते पुन्हा पूर्ण शाकाहारावर होते आणि त्यांनाही इंजेक्शनं सुरू झाली होती. "आमचं दोघांचं एकच आहे," ते चंदूच्या डोक्यावर हात ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

आणि मग पितृपंधरवडा आला. कोपऱ्याच्या खोलीतल्या आजी आजोबांचं श्राद्ध दरवर्षी नेमाने करतात. कावळ्याचा घास, गाईचा घास, कुत्र्याचा घास. कुत्र्याचा घास चंदूचा, तो आल्यापासून. वडा, खीर, भात, आमसुलाची चटणी. आजींनी आदल्या दिवशीच मला गाठलं. म्हटलं, "आजी, यंदा खालच्या काळूला घाला. तो काहीही खातो." आजी म्हणाल्या, "म्हणूनच नको. तो कुणाचंही खातो. ह्यांचा घास घराण्याला ओळखणाऱ्याने घ्यावा." मी डॉक्टरांचं सांगितलं, आतड्याचं सांगितलं, प्रथिनाचे तुकडे सांगितले. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे चंदूचं पथ्य मोडायचं नाही, आणि ह्यांना उपाशी ठेवायचं," त्या म्हणाल्या. "ठरवा तुम्हीच. तुमच्या मुंजीत मुलांच्या पंगतीला हे वाढायला होते."

रात्रभर घरात चर्चा झाली. आम्ही दादरलाही विचारलं. तिकडून मत आलं, की प्रश्न श्राद्धाचा नसून श्रद्धेचा आहे, त्याचा उपयोग झाला नाही. सकाळी आजींच्याच डोक्यातून तोड निघाली. त्यांनी केळीच्या पानाचा तुकडा घेतला, बाजूने पाणी फिरवलं, आणि मला म्हणाल्या, "आणा ती तुमची पिशवी." मी वजनकाट्यावर मोजून दाणे दिले. आजींनी ते पानावर मांडले, वर तीळ टाकायला गेल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि तीळ पुन्हा डबीत ठेवले. चंदूने घास घेतला. पान चाटून पुसून काढलं. आजी समाधानाने म्हणाल्या, "चालेल ह्यांना. शेवटची चार वर्षं ह्यांनाही अळणीच होतं."

पंधरवडा संपता संपता चंदू तीनवर आला. नवरात्रात अडीच. एका सकाळी, गल्लीच्या तोंडाशी, भर उजेडात, दोन. मी घरी फोन केला तेव्हा ही नुसतं "खरंच?" एवढंच म्हणू शकली. अण्णा टॉर्च घेऊन स्वतः खात्री करून आले, उजेड असताना. संध्याकाळी काकूंनी आनंदाने पेढे वाटायला काढले आणि पहिला पेढा घेऊन त्या चंदूकडे वळल्या, तेव्हा चौघांनी मिळून त्यांना धरलं.

डॉक्टर खूश झाले. म्हणाले, दुखणं गेलेलं नाही, ते जाणार नाही. ते आता आपल्याला सांभाळायचं आहे. आणि आता पुढची पायरी. जुने पदार्थ पुन्हा एकेक करून द्यायचे, एका वेळी एकच, थोडासा, आणि मग थांबून पाहायचं, म्हणजे नेमकं काय सोसत नाही ते कळेल.

ही बातमी चाळीत पोचली तेव्हा कोजागिरीची वर्गणी चालली होती. ती बाजूला राहिली. चंदूला पहिला घास कुणी घालायचा यासाठी पावतीपुस्तकाच्या मागच्या बाजूला यादी सुरू झाली. भाऊंचं म्हणणं, वर्षानुवर्षांचा संबंध पाहता मटणाला मान मिळावा. वहिनी म्हणाल्या, सुका बोंबील हलका. आजींचा दूधभात डॉक्टरांनी फोनवरच बाद केला. मोठ्या कुत्र्यांना दूध पचवणारं पाचक पुरेसं उरत नाही, असं कारण दिलं. आजींनी ते मान्य केलं नाही, पण यादीतून नावही काढलं नाही. अण्णांनी अंड्याचा विषय काढला तेव्हा त्यांच्या सौ. आतून नुसत्या खाकरल्या. अखेर चिठ्ठ्या टाकल्या आणि चिकन निघालं, म्हणजे समोरच्या काकू. काकूंनी तिथल्या तिथे पदर खोचला. आलं-लसूण वाटून ठेवते, म्हणाल्या, आणि लालबागहून आणलेला ताजा मसाला आहेच.

मी सांगितलं, की लसूण कुत्र्यांच्या रक्ताला वाईट, कांदा तर नाहीच, मसाला नाही, तेल नाही, मीठही नाही. पाण्यात उकडलेलं नुसतं चिकन.

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "बिनमिठाचं?" त्या म्हणाल्या. "आणि ते माझ्या हातचं म्हणून खाणार तो? चाळीत सगळ्यांच्या देखत?" त्यांनी खोचलेला पदर सोडला आणि पावतीपुस्तक पुढे ओढलं. "माझं नाव घाला शेवटी. आधी तुमचे बोंबील-बिंबील होऊ देत. तोवर त्याला मीठ चालायला लागेल."